मशीनचा आवाज पाठवा

"रडू नको गं बाई. तुला कुणी टाकलेलं नाही. आलीस ना इथं? मग झालं तर. आता सावकाश बघू, कुठं दुखतंय ते. घाई नाही."

हा आवाज भिंगरीच्या कानात कधीचा घर करून बसला होता. जाडसर, ऊनऊन, कुठंही न अडखळणारा. आवाज होता मामाचा, आणि त्याचं हे बोलणं चाललेलं असायचं एका शिलाई मशीनशी.

भिंगरी त्याच्या बहिणीची लेक. बहीण गेली, आणि लेक एक पिशवी नि एक उशी घेऊन मामाच्या दाराशी येऊन उभी राहिली. नाव तिला चांगलं ठेवलेलं होतं. पण मामी पहिल्याच दिवशी म्हणाली, "ही पोर काही जागेवर ठरत नाही हो, नुसती भिंगरी आहे," आणि तेच तिला चिकटलं.

घराच्या पुढच्या खोलीत मामाचं दुकान, शिलाई मशिनी दुरुस्त करण्याचं. भिंतीला लागून हातानं फिरवायच्या, पायानं चालवायच्या, विजेवर पळणाऱ्या मशिनी ओळीनं बसलेल्या. दवाखान्यात पेशंट बसतात ना, तशा. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा होता. मामीनं उरल्यासुरल्या तुकड्यांचा जोडून शिवलेला, कुठं फुलं, कुठं रेघा, कुठं नुसताच निळा. त्या पडद्याच्या घराकडच्या बाजूला, स्टुलावर, भिंगरी तासन्‌तास बसायची. पडद्याखालून वारा यायचा आणि पायाच्या बोटांना गार लागायचं. पलीकडं मामाचा आवाज चालू असायचा.

मामाला बोलताना अडायचं. समोर माणूस आला की शब्द दातांपाशी येऊन उभा राहायचा आणि पुढं सरकायचं नाव घ्यायचा नाही. मान लाल व्हायची, डोळे मिटायचे, आणि ऐकणारा बिचारा उगीच छताकडं बघत राहायचा. म्हणून गिऱ्हाइकांशी बोलायची ती मामी. मामा एक भुवई उचलायचा, तेवढ्यावरून मामी सांगायची, "परवा या. आणि तेल घालत जा हो जरा, कोरडी ठणठणीत झालीय." भिंगरीशी तो मानेनंच बोलायचा. जेवलीस का, झोप आता, शाब्बास, सगळं मानेनं. पण एकदा का मशीन टेबलावर आली आणि तिची खालची झडप उघडली, की मामाच्या जिभेचं कुलूप गळून पडायचं.

"काय झालं गं तुला?" इथून सुरुवात. मग ते बोलणं जात्यातून पीठ गळावं तसं सुरू राहायचं. "चाक फिरव बघू. हां. दोरा खातेस होय? कुणी ओढलं तुला एवढं? ओढू नये गं कुणाला. थांब, पेच सैल करतो. आता श्वास घे."

भिंगरीला त्या मशिनींचा भारी राग यायचा. हेवाच म्हणा ना. लोखंडाच्या त्या बायांचे एवढे लाड, आणि आपल्या वाटणीला काय, तर मान! एकदा तिनं दुकानात कुणी नाही असं बघून एका काळ्या कुळकुळीत मशीनला जीभ काढून दाखवली होती. मशीननं काही मनावर घेतलं नाही.

*

भिंगरी मोठी झाली आणि तिनं धंदा निवडला तो बोलण्याचाच, पण तोंडानं नाही, अक्षरांनी. लोकांच्या वेबसाइटवरचा मजकूर ती लिहायची. दंतवैद्य, कुलूपवाले, नाचाचे वर्ग, झाडं विकणारे, सगळ्यांच्या वतीनं ही बोलणार. लहानपणी मामीला भुवई वाचताना बघितलं होतं ना, ते इथं कामी आलं. समोरचा काय म्हणू बघतोय ते ओळखायचं आणि चार साध्या शब्दांत मांडायचं.

ऑफिसात तिच्या शेजारी बसायचा तो पानांची मांडणी करणारा. त्याला सगळे चौकोन म्हणायचे, कारण जगातली कुठलीही गोष्ट त्याला चौकोनात बसवल्याशिवाय चैन पडायचं नाही. डबा खातानाही त्याची पोळी चौकोनी घडीची. दोघांचा एक नियम ठरलेला. वाचणाऱ्याला एका वेळी एकच काम सांगायचं, आणि ते करायला एकच बटण द्यायचं, मोठं, रंगीत, अंगठ्याखाली येईल असं.

"बटणाशिवाय पान म्हणजे पायरीशिवाय दार, ताई," चौकोन म्हणायचा. "माणूस नुसता बघत उभा राहील खाली."

मग मामी गेली. आजारी पडली आणि गेली, फारसं कुणाला काही कळायच्या आत. आणि तिच्याबरोबर दुकानाचा आवाजही गेला.

आधी भिंगरीच्या लक्षात आलं नाही. ती आता वेगळी राहायची; दर सुटीला मामाकडं जायची, भाजी निवडून द्यायची, मामाच्या शर्टाची बटणं बघायची. मग हळूहळू दिसू लागलं की भिंतीशी बसलेल्या मशिनींची ओळ आखूड होत चालली आहे. जुने लोक दुसरीकडं राहायला गेले होते. नव्या लोकांना आतल्या गल्लीतलं हे दुकान सापडायचं नाही. कुणी आलंच, तर मामाचा लाल झालेला चेहरा बघून "बरं, मग येतो" म्हणून निघून जायचं. एक दिवस दोनच मशिनी उरल्या. त्यातली एक मामीचीच.

"मामा, आपण तुझी वेबसाइट करू," भिंगरी म्हणाली.

मामानं खांदे उडवले. त्या उडवण्यात हो नव्हतं, पण नाहीही नव्हतं.

तिनं झपाट्यानं काम हाती घेतलं. आपल्या माणसाचं काम म्हटल्यावर हात जास्तच चालतो, आणि जास्त चालणारा हात सवयीनंच चालतो. 'अनुभवी कारागीर. विश्वासार्ह सेवा. सर्व प्रकारच्या शिलाई मशिनींची खात्रीशीर दुरुस्ती.' चौकोनानं ते तीन चौकोनांत नीटनेटकं बसवलं. त्यांच्याखाली, ठरल्या नियमाप्रमाणं, एक मोठं नारिंगी बटण आलं. त्यावर भिंगरीनं, सगळ्यांसाठी लिहायची तेच, लिहिलं, 'आत्ताच फोन करा'.

पान झकास जमलं. चौकोनानं खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली. भिंगरी खुशीत घरी गेली.

*

पुढच्या सुटीला ती पाव आणि लोणी घेऊन दुकानी पोचली, तर शटर अर्धं ओढलेलं. वाकून आत शिरली. मामा टेबलामागं बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मामाचे हात रिकामे तिनं कधी बघितले नव्हते. टेबल पुसून लख्ख केलेलं, पेचकस, पान्हे, चिमटे सगळे कापडात गुंडाळून ठेवलेले. आणि कुठूनतरी घुसमटलेला घुर्रर्र, घुर्रर्र असा आवाज येत होता.

"मामा, काय वाजतंय हे?"

मामानं हनुवटीनं खणाकडं दाखवलं. तिनं खण ओढला. रिकाम्या बॉबिनींच्या ढिगाखाली, तेलकट फडक्यात गुंडाळलेला फोन थरथरत होता. तिनं तो कानाला लावला.

"हॅलो?"

"अहो, आहे का कुणी तिकडं?" पलीकडची बाई कावलेली होती. "किती वेळा लावायचा माणसानं? उचलता आणि नुसता श्वास ऐकवता. थट्टा लावलीय का?"

भिंगरीनं कशीबशी माफी मागितली, फोन ठेवला, आणि तिथंच खणाशी उभी राहिली. पान चाललं होतं. फार छान चाललं होतं. लोक दिवसभर ते नारिंगी बटण दाबत होते, आणि ज्याच्या तोंडून शब्द निघत नाही त्या माणसाला पुन्हा पुन्हा फोन उचलायला लावत होते. आणि मामानं तो उचललाही होता! खणात कोंडायच्या आधी दर वेळी उचलला होता. भिंगरीनं मांडलंय म्हटल्यावर उचलायलाच हवा, असं त्याला वाटलं असणार.

"मामा," ती म्हणाली, "ते बटण मीच लावलं रे. सगळ्यांना लावते, तसंच तुलाही लावलं. तुझ्याकडं बघितलंच नाही."

मामानं जोरात मान हलवली. तुझं काही नाही, अशी. मग त्यानं डोळे मिटले, मान लाल झाली.

"ब... ब... बंद," तो म्हणाला.

"काय, फोन?"

त्यानं हातानं सगळी खोली दाखवली. भिंती, शटर, मामीनं शिवलेला पडदा.

भिंगरी बाकावर बसली. दुकान बंद झालं तर मामा दिवसभर करणार काय? माणसांशी त्याला बोलता येत नाही, आणि मशिनीच नसतील तर तो बोलणार कुणाशी? या घरात पुन्हा कुणाचा आवाजच उठणार नाही.

"एक पान चुकलं माझं," ती म्हणाली. "एकदा परत लिहू दे. ते नाही जमलं, तर शटर मी स्वतः ओढीन. तुला हातसुद्धा लावू देणार नाही. चालेल?"

मामानं पाव कापायला घेतला. म्हणजे चालेल.

तिनं आधी चौकोनाला फोन लावला. "अरे, ते बटण काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

"ताई, तब्येत बरी आहे ना?"

"काढ म्हणते ना."

"अहो, मग लोक करणार काय? आरती?"

"ते मी बघते. तू फक्त काढ, आणि त्या जागी दुसरा चौकोन काढू नकोस."

"हे मात्र जरा अवघड आहे," चौकोन म्हणाला, आणि काढलं.

*

पडद्याच्या अलीकडं, जेवायच्या टेबलावर, भिंगरी लिहायला बसली. 'दर्जेदार' लिहिलं, खोडलं. 'आपुलकीनं' लिहिलं, तेही खोडलं. रोज दुसऱ्यांसाठी भरभर वाहणारी तिची अक्षरं आज मामासारखीच दातांपाशी येऊन उभी राहिली होती. चहा गार झाला. तिनं नवा केला, तोही गार झाला.

तेवढ्यात पलीकडं कापड सोडल्याचा आवाज आला, मग पेचकस टेबलावर ठेवल्याचा. मामाच्या हातांना काही स्वस्थ बसवेना, हे उघड होतं. मामीची सोडून उरलेली ती एक मशीन त्यानं टेबलावर घेतली असावी. चाक फिरलं, खट, खट, खर्र.

"काय झालं गं तुला?"

भिंगरीची बोटं थांबली.

"पुन्हा बोल बघू. हां, कळलं. हा काही मोडल्याचा आवाज नाही. दात्यांत कापडाचा भुगा बसलाय तुझ्या, कापड पुढं जाणार कसं? लोक म्हणाले असतील, म्हातारी झाली, टाका आता. म्हणू देत. कधीपासून शिवतेयस तू, किती जणांची अंगं झाकलीस. घाई नाही. मी आहे."

ती पाय न वाजवता उठली आणि त्या जुन्या स्टुलावर जाऊन बसली. पडदा तोच, वाराही तोच, पायाच्या बोटांना लागणारा. इतकी वर्षं लोकांना शिकवत आलो, की ज्याचं पान त्याचा आवाज त्यात यायला हवा. आणि हा आवाज तर आपण वाचायला शिकायच्या आधीपासून ऐकतोय! तिनं मांडीवरच लिहायला सुरुवात केली, मामा म्हणेल तसंच्या तसं. आणि लिहिता लिहिता तिला आणखी एक गोष्ट दिसली, जी ती लहानपणापासून ऐकत होती पण कधी ध्यानात घेतली नव्हती. मामा झडप उघडायच्या आधीच ओळखायचा. नुसतं चाक फिरवून, डोळे मिटून, आवाजावरून.

लिहून झालं तशी ती पडदा बाजूला करून त्याच्यापुढं उभी राहिली.

"वाचते हं. आवडलं नाही तर मान हलव."

आणि तिनं वाचलं:

"'काय झालं गं तुला?'

आमच्या दुकानात मशीनला पहिल्यांदा हेच विचारतात.

दोरा तुटतोय, टाके सुटताहेत, कापड पुढं सरकत नाही, की नुसतीच कुरकुरते? तुमच्या मशीनचं चाक हातानं फिरवा आणि तो आवाज आम्हाला पाठवा. आवाज ऐकून मालक सांगतील काय झालंय, आणि ती इथं आणायला हवी की तुम्हालाच घरी बरी करता येईल.

फोन मात्र करू नका. मालकांना माणसांशी बोलायला वेळ लागतो. मशिनींशी ते फार छान बोलतात."

शेवटच्या ओळीला भिंगरीचा आवाज जरा बारीक झाला. मामानं फडकं उचललं आणि एकेक बोट पुसायला लागला. अंगठा, तर्जनी, मधलं. तिला वाटलं, झालं, दुखावलं आपण याला. आयुष्यभर जे झाकलं ते आपण चव्हाट्यावर मांडायला निघालो.

मग मामाचे खांदे हलायला लागले. तो हसत होता! आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यानं मान डोलावली, एकदा, मग पुन्हा. आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाला, "घ... घाई..."

"घाई नाही," भिंगरी म्हणाली. "ते राहिलंच की."

तिनं तळाशी लिहिलं, 'घाई नाही.' आणि बटणावर: 'मशीनचा आवाज पाठवा'.

*

पहिला आवाज आला नाटकाचे कपडे शिवणाऱ्या एका बाईंकडून. खडखडखड, टक. भिंगरीनं तो मामाला ऐकवला. मामानं डोळे मिटून ऐकला, पुन्हा ऐकला, आणि बोटांनी हवेत काहीतरी दाखवायला लागला.

"मला नको दाखवूस," ती म्हणाली. तिनं आवाज टिपायचं बटण दाबून फोन टेबलावर, मशीन ठेवायच्या जागी ठेवला. "त्या बाईंनाही सांगू नकोस. हिला सांग."

मामा फोनवर झुकला.

"काय गं, सुई वाकडी बसलीय तुझी. म्हणून ठेचकाळतेस. बाईंना सांग, सुई काढा, चपटी बाजू मागं करून परत बसवा, वरपर्यंत सरकवा, मग पेच आवळा. आणि चिडू नकोस त्यांच्यावर. घाईत असतात गं, पडदा उघडायची वेळ झालेली असते."

एकही शब्द अडला नाही. भिंगरीनं तो तसाच पाठवून दिला.

थोड्या वेळानं उत्तर आलं, आधी आवाज, टकटकटकटक, सरळ, एकसारखा, रांगोळीच्या ठिपक्यांसारखा. मग बाईंचा मजकूर: 'ती म्हणते, फार आभारी आहे. मीही. हा निरोप मी आमच्या शिवणघरात सगळ्या जणींना ऐकवला. आणखी तीन जणी आजारी आहेत, घेऊन येऊ का?'

त्या आल्या. मग त्यांच्या ओळखीच्या आल्या. पिशव्या शिवणारे, जहाजाची शिडं शिवणारा एक म्हातारा, नुकतीच शिवण शिकायला लागलेली एक परिचारिका. दारात पाऊल टाकलं की कुणी मामाला प्रश्न विचारायचं नाही. मशीन टेबलावर ठेवायची आणि गुपचूप बाकावर बसायचं, कारण सगळ्यांना ते बोलणं ऐकायचं असायचं. मामाची मान लाल व्हायची, पण हळूहळू कमी कमी. जाताना लोक दोघांचे आभार मानायचे, त्याचे आणि मशीनचे. परिचारिका तर म्हणाली, "मामा, आमच्या वॉर्डात येऊन बोला हो एकदा असं." मामानं घाबरून समोरच्या मशीनमध्ये डोकं घातलं.

एके दिवशी ऑफिसात चौकोन तिच्या टेबलाशी घुटमळला. "ताई, आईच्या मशीनचा आवाज पाठवला होता मी परवा. नाव न सांगता."

"मग? झाली बरी?"

"मशीन लगेच झाली. पण आई तो निरोप अजून लावून बसते. म्हणते, माझ्याशी कुणी इतकं सावकाश बोललं नव्हतं." त्यानं चष्मा पुसला. "थँक्यू म्हणायचं होतं. आणि ते बटण, बरं झालं काढलंत."

*

त्या सुटीला दुपारचं ऊन शटरखालून आत येऊन मशिनींच्या पायांशी बसलं होतं. ओळ पुन्हा भिंतीभर झाली होती. बाकावर कुणी नव्हतं. भिंगरी मामाच्या शेजारी बसून बॉबिनींचे गुंतलेले दोरे सोडवत होती.

"मामा, लोक मला विचारतात, एवढं छान कुणी लिहिलं म्हणून," ती म्हणाली. "मी काय सांगणार? मी लिहिलंच नाही. नुसतं ऐकून उतरवलं. आणि ते एकच पान नाही रे. मी आजवर जे जे बरं लिहिलं ना, त्यात कुठंतरी तूच बोलतोस. कुठं दुखतंय ते आधी विचारावं, मग बोलावं, हे मला दुसऱ्या कुणी शिकवलं? तुझे आभार मानायचे राहूनच गेले."

मामा मशीनमधून काढलेल्या शटलला तेल देत होता. एक थेंब, मग दुसरा.

"आणि मी मात्र तुझ्यावर रुसून बसायचे," ती हसत म्हणाली. "या बायांचा किती राग यायचा मला, तुला सांगते! जीभ काढून दाखवायचे मी त्यांना. वाटायचं, मामा त्यांच्याशी एवढं बोलतो, आणि माझ्याशी एक शब्द नाही. पडद्यामागं बसून रडायचे मी. तुला काय पत्ता असणार म्हणा."

मामानं शटल खाली ठेवलं. तेलाची कुपी ठेवली. खुर्ची वळवून तो तिच्यासमोर झाला. मधे टेबल नाही, मशीन नाही, काहीच नाही. त्यानं तोंड उघडलं आणि शब्द दातांपाशी येऊन उभा राहिला. मान लाल झाली. डोळे मिटले.

भिंगरीच्या ओठांवर त्याच्यासाठी चार-सहा शब्द येऊन गेले. मामी असती तर तिनं एखादा देऊनही टाकला असता. भिंगरीनं एकही दिला नाही. तिनं हातातले दोरे मांडीवर ठेवले.

"घाई नाही," ती म्हणाली. "मी आहे."

"प... प... पडदा," मामा म्हणाला. त्यानं श्वास घेतला. "पडदा आ... आखूड होता गं, भिंगरे. पाय दिसायचे तुझे."

मामानं डोळे उघडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा, सरळ तिच्याकडं बघत, सावकाश, एकेक शब्द हातात धरून आणल्यासारखा म्हणाला,

"म... मशीनला कुठं रडू येतं?"